गुणफलकावरचे पर्यावरण

तुमसरहून सिहोरामार्गे बालाघाटच्या दिशेने निघाले की मध्य प्रदेशाची हद्द लागण्यापूर्वी बपेरा हे गाव येते. भंडारा जिल्ह्याचे हे उत्तरेकडचे टोक. भोवती धानाची शेती आणि बावनथडी-वैनगंगेचे खोरे. काचेच्या भिंतींची कार्यालये, स्वयंचलित दरवाजे किंवा वाहनतळांच्या रांगा येथे शोधूनही सापडणार नाहीत. बपेऱ्यासारख्या गावात ‘कार्यालय’ म्हणजे ग्रामपंचायत, शाळा आणि अंगणवाडी. आणि ‘कर्मचारी’ म्हणजे ग्रामसेवक (२०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी), शिपाई, संगणक परिचालक, शिक्षक, सेविका आणि रोज ठरलेल्या वेळी नळाला पाणी सोडणारा माणूस. मोठ्या शहरांतल्या कंपन्यांमध्ये कर्मचाऱ्यांना पर्यावरणपूरक सवयी लावण्यासाठी जी पद्धत ‘गेमिफिकेशन’ या नावाने वापरली जाते, तिचा या गावाशी काही संबंध असेल असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटणार नाही. प्रत्यक्षात मात्र असा संबंध आहे, आणि तो शहरातल्या वाचकांनी समजून घेण्यासारखा आहे.

गेमिफिकेशन म्हणजे जे काम मुळात खेळ नाही त्याला खेळाची रचना देणे. गुण, पायऱ्या, बिल्ले, चमू, सर्वांना दिसेल असा गुणफलक आणि शेवटी बक्षीस, ही त्याची ठरलेली साधने. हा इंग्रजी शब्द निक पेलिंग या ब्रिटिश संगणक-रचनाकाराने २००२ मध्ये घडवला असे मानले जाते. तो सर्वत्र रुळला तो २०१० नंतर. एखाद्या कंपनीने सायकलवरून येणाऱ्याला दहा गुण, स्वतःचा पेला आणणाऱ्याला पाच, दोन्ही बाजूंनी छपाई करणाऱ्या विभागाला वीस असे कोष्टक लावले आणि दर महिन्याला पहिल्या आलेल्या चमूचे नाव जाहीर केले, की झाले गेमिफिकेशन. कल्पना दिसायला बालिश आहे. पण ज्या अडचणीतून ती निघाली ती अडचण खरी आहे.

घरात कोणी नसलेल्या खोलीत पंखा फिरत असेल तर घरातले वडीलधारे माणूस उठून तो बंद करते. तेच माणूस कार्यालयात रिकाम्या सभागृहातले आठ दिवे पाहून पुढे निघून जाते. यात त्याचा दुटप्पीपणा नाही. घरच्या विजेचे बिल त्याच्या हातात येते, कार्यालयाचे बिल लेखा विभागात जाते. किती युनिट वापरले गेले हे वापरणाऱ्याला कधीच कळत नाही, वाचवले तर त्याचा लाभ होत नाही आणि उधळले तर तोशीस पडत नाही. ‘वीज वाचवा’ अशी पाटी भिंतीवर लावल्याने हे अंतर भरून निघत नाही. दोन दिवसांनी ती पाटी भिंतीचाच भाग होते. गेमिफिकेशनचा दावा एवढाच की जो परिणाम माणसाला दिसत नाही तो गुणांच्या रूपाने दाखवता येतो, आणि जो लाभ त्याच्यापर्यंत पोहोचत नाही त्याच्याऐवजी निदान नाव तरी त्याच्या वाट्याला येते.

आपल्या देशात या कल्पनेचा सर्वांत चांगला अभ्यासला गेलेला प्रयोग बंगळुरूमध्ये झाला. इन्फोसिस कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक्स सिटीतील संकुलात सकाळी येणाऱ्या हजारो कर्मचाऱ्यांच्या बसगाड्या वाहतूक कोंडीत अडकून पडत. स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक बालाजी प्रभाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपनीच्या साहाय्याने ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ असे सहा महिने तेथे एक योजना राबवली. सुमारे १४ हजार कर्मचारी तिच्या कक्षेत होते. गर्दीची वेळ सुरू होण्याआधी जो कार्यालयात पोहोचेल त्याला गुण, जितके लवकर तितके अधिक. साठलेल्या गुणांच्या प्रमाणात दर आठवड्याच्या सोडतीत भाग घेता येई आणि पाचशेपासून बारा हजार रुपयांपर्यंतची बक्षिसे निघत. परिणाम असा झाला की गर्दीपूर्वी येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली आणि बसने येणाऱ्यांचा सकाळचा सरासरी प्रवास ७१ मिनिटांवरून ५४ मिनिटांवर आला. कोंडीत उभ्या बसचे इंजिन जे डिझेल जाळते ते जळायचे राहिले, हा पर्यावरणाचा हिशेब त्यात ओघाने आलाच. पुढे २०१२ मध्ये याच धर्तीची योजना सिंगापूरच्या रेल्वे प्रवाशांसाठी आखली गेली.

या यशाचे श्रेय बहुतेक जण सोडतीला देतात. ते अंशतः बरोबर आहे. तीच रक्कम सर्वांना सारखी वाटली असती तर प्रत्येकाच्या पदरी रोजचे काही रुपये पडले असते आणि त्यासाठी पहाटे उठण्याची तसदी कोणी घेतली नसती. मोठ्या बक्षिसाच्या शक्यतेने मात्र माणूस हलतो. पण त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी तेथे होत्या, आणि त्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिली म्हणजे योजनेने कर्मचाऱ्याकडून एकच गोष्ट मागितली होती: लवकर या. दुसरी म्हणजे त्याची मोजणी प्रवेशद्वारावरच्या ओळखपत्राच्या यंत्राने आपोआप होत होती. कोणाला अर्ज भरावा लागला नाही, छायाचित्र काढून पाठवावे लागले नाही, ‘मी लवकर आलो’ असे प्रमाणपत्र साहेबांकडून आणावे लागले नाही. गुण मिळवण्यासाठी करायचे काम आणि अपेक्षित सुधारणा या दोन गोष्टी तेथे एकच होत्या.

अनेक कार्यालयीन खेळ येथेच फसतात. आज्ञावली आणली जाते, उद्घाटन होते, पहिल्या महिन्यात सारे उत्साहाने नोंदी करतात आणि तिसऱ्या महिन्यात गुणफलकावर तीच पाच नावे उरतात. गार्टनर या अमेरिकी सल्लागार संस्थेने २०१२ मध्येच इशारा दिला होता की अशा योजनांपैकी ८० टक्के योजना सदोष रचनेमुळे दोन वर्षांत उद्दिष्टापर्यंत पोहोचणार नाहीत. भाकितातील आकड्याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही, पण दोष कोठे आहे याचे निदान अचूक होते.

गुणफलकाचा एक दुष्परिणाम तर प्रयोगानेच सिद्ध झालेला आहे. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस या गावी सुमारे २९० घरांना त्यांचा स्वतःचा वीजवापर आणि शेजाऱ्यांचा सरासरी वापर कळवण्यात आला. मानसशास्त्रज्ञ वेस्ली शुल्ट्झ व सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा वापर सरासरीहून अधिक होता त्यांनी तो कमी केला. अपेक्षा तीच होती. पण ज्यांचा वापर सरासरीहून कमी होता त्यांनी तो वाढवला! आपण उगाचच इतरांपेक्षा काटकसर करीत आहोत असे त्यांना वाटले असावे. गंमत म्हणजे अशा घरांना पाठवलेल्या कागदावर शाबासकीचा एक हसरा चेहरा काढून दिला तेव्हा ही वाढ थांबली. केवळ आकडा दाखवला तर माणसे सरासरीकडे सरकतात, म्हणजे वाईट सुधारतात आणि चांगले बिघडतात. आकड्यासोबत पसंतीची खूण हवी, असा त्याचा अर्थ. कार्यालयात विभागवार वीजवापराचा तक्ता लावणाऱ्या व्यवस्थापकांनी हा प्रयोग अवश्य ध्यानात ठेवावा.

तक्त्याचे दुसरे टोक याहून कठोर आहे. अमेरिकेतील अनाहाइम येथील डिस्नेच्या हॉटेलांमध्ये धुलाई विभागातील कर्मचाऱ्यांचा कामाचा वेग नावानिशी पडद्यावर दाखवला जात असे. वेग पुरेसा असेल तर हिरव्या रंगात, मागे पडला तर लाल. २०११ मध्ये तेथील वृत्तपत्रांतून ही बाब बाहेर आली तेव्हा कामगारांनी त्या पडद्याला ठेवलेले नाव सर्वत्र झाले: विजेवरचा चाबूक. ज्या खेळातून बाहेर पडण्याची मुभा नाही तो खेळ राहत नाही, ती देखरेख होते. पर्यावरणाच्या नावाने लावलेला तक्ताही याला अपवाद नाही. कोणी किती कागद छापले, कोण लिफ्टने गेले, कोणी कोणत्या वाहनाने प्रवास केला याची नोंद आज हिरव्या गुणांसाठी आणि उद्या वार्षिक मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाही, याची हमी कर्मचाऱ्याला कोणी देत नाही.

महाराष्ट्राला हे सारे नवे वाटायचे कारण नाही. गुण, गट, तपासणी पथक, गुणानुक्रम आणि समारंभपूर्वक बक्षीस ही रचना या राज्याने २००० सालापासून गावोगाव वापरली आहे. तत्कालीन ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या कारकिर्दीत सुरू झालेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे तिचे पहिले मोठे रूप. आधी अनुदान आणि मग काम, ही सरकारी योजनांची जुनी रीत त्या अभियानाने उलटवली. आधी काम करायचे, मग गुण मिळायचे, आणि बक्षीस मिळाले तर शेवटी. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी गावे वर चढत. त्या काळी ‘गेमिफिकेशन’ हा शब्द महाराष्ट्रात कोणाच्या कानावरही पडलेला नव्हता.

या अभियानाने गावे झाडली गेली, गटारे वाहती झाली, शौचालये बांधली गेली. केंद्राच्या निर्मल ग्राम पुरस्कारांत पुढे महाराष्ट्राने जी आघाडी घेतली तिची पूर्वतयारी यातच झाली होती. दुसरी बाजूही तितकीच परिचित आहे. पुरस्कार मिळाल्यानंतर अनेक गावांत शौचालयात सरपण आणि धानाची पोती जाऊन बसली. पथक येण्याच्या आदल्या दिवशी रस्त्याच्या कडेचे दगड चुन्याने रंगवण्याची प्रथा कोणी शिकवली नव्हती, ती गुणपत्रिकेतून आपोआप जन्माला आली. वृक्षारोपणाचेही तसेच. खड्डे आणि रोपे मोजली की दर पावसाळ्यात खड्डे आणि रोपे वाढतात. दोन उन्हाळे काढलेली झाडे मोजली असती तर टँकर, कुंपण आणि राखणदार यांची चर्चा झाली असती. त्याच खड्ड्यात दरवर्षी नवे रोप, हा गावाकडचा विनोद म्हणजे मोजमापाच्या शास्त्रावरचे मार्मिक भाष्यच आहे.

याच परंपरेतला पुढचा, आणि पर्यावरणाशी थेट निगडित असा टप्पा म्हणजे ‘माझी वसुंधरा’ अभियान. राज्याच्या पर्यावरण विभागाने ते २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचमहाभूतांच्या शीर्षकांखाली वृक्षलागवड, घनकचरा, हवेची गुणवत्ता, जलसंधारण, ऊर्जाबचत, जनजागृती अशा कामांची वाटणी केलेली आणि प्रत्येकापुढे गुण. स्पर्धक म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्था, म्हणजेच प्रत्यक्षात त्यांचे अधिकारी व कर्मचारी. नागरिकांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी हरित शपथही होती. पहिल्या वर्षी ६८६ संस्थांनी भाग घेतला: ३९५ नागरी संस्था आणि २९१ ग्रामपंचायती. कागदपत्रांची छाननी झाल्यानंतर त्रयस्थ यंत्रणेकडून प्रत्यक्ष पाहणी, अशी दुहेरी तपासणी होती आणि निकाल ५ जून २०२१ रोजी, पर्यावरणदिनी जाहीर झाला.

त्या पहिल्या फेरीत बपेरा नव्हते, आणि त्याला कारण होते. ग्रामपंचायतींपैकी केवळ दहा हजारांहून अधिक लोकसंख्येच्या गावांनाच तेव्हा प्रवेश होता. दुसऱ्या वर्षापासून लहान गावांसाठी दार उघडले आणि सहभागी संस्थांची संख्या एकदम बारा हजारांच्या घरात गेली. लोकसंख्येनुसार गट पाडल्यामुळे तुमसर तालुक्यातल्या एखाद्या लहान ग्रामपंचायतीची तुलना पुणे जिल्ह्यातल्या शहरवजा गावाशी होण्याचा प्रसंग टळला. खेळ न्याय्य वाटावा यासाठी ही गटवारी आवश्यक होती. तरीही एक प्रश्न उरतोच. अडीचशे-तीनशे संस्थांची पाहणी करणे आणि हजारो संस्थांची पाहणी करणे यात फार अंतर आहे. स्पर्धकांची संख्या वाढते तसतसा भार कागदपत्रांवर जातो. आणि कागदपत्रांचा भार वाढला की ज्या ग्रामपंचायतीत छायाचित्रे काढून ती वेळेत संगणकावर चढवणारा तरतरीत परिचालक आहे ती पुढे जाते, मग तिचे गटार कसेही असो. बंगळुरूच्या प्रवेशद्वारावरचे यंत्र येथे नाही, हा मूलभूत फरक आहे.

पानी फाउंडेशनच्या ‘वॉटर कप’ स्पर्धेने या बाबतीत एक वेगळी वाट काढली होती. २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई अशा तीन तालुक्यांपासून सुरुवात झालेली ही स्पर्धा २०१९ पर्यंत ७६ तालुक्यांत पोहोचली. तिच्या गुणपद्धतीवर आणि जेसीबीच्या वापरावर टीका झाली, आणि त्या टीकेत तथ्यही होते. परंतु स्पर्धा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावातून काही जणांना बोलावून माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामे कशी करायची याचे रीतसर प्रशिक्षण दिले जाई. म्हणजे खेळाडूला आधी खेळ शिकवला जाई. कार्यालयांतून हरित गुणांची योजना जाहीर करताना हे कोणी करीत नाही. वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते असे केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. पण हे ज्याला कळलेले नाही तो कर्मचारी दिवसभर आपल्या टेबलावरचा दिवा विझवून गुण गोळा करीत राहतो आणि त्याच वेळी दालनातले यंत्र १८ अंशांवर चालू असते.

भंडारा जिल्ह्यातच, बपेऱ्याच्या तालुक्यात, या विषयाचे आणखी एक उदाहरण आहे. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथे ‘मॉयल’ या सरकारी कंपनीच्या मँगनीजच्या खाणी आहेत. खाणकामाइतका जमिनीवर ओरखडा उठवणारा व्यवसाय दुसरा नाही, आणि याच व्यवसायात स्पर्धेची पद्धत पूर्वापार रुळलेली आहे. नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोच्या पुढाकाराने दरवर्षी खाण पर्यावरण व खनिज संवर्धन सप्ताह साजरा होतो. पथके खाणींना भेट देतात, वृक्षलागवड, टाकाऊ दगडमातीच्या ढिगांची व्यवस्था, पाण्याचा निचरा अशा बाबींवर गुण देतात आणि सांगता समारंभात गटवार बक्षिसे दिली जातात. २०१६ पासून केंद्राच्या खाण मंत्रालयाने खाणींना एक ते पाच तारे देण्याची पद्धतही आणली. खाणचालकाने स्वतःचे मूल्यांकन भरायचे आणि ब्यूरोने ते पडताळायचे. सप्ताह आणि तारे यांत एक बारकावा आहे. सप्ताहात खाणीतला माणूस सहभागी असतो: माळी, यंत्रचालक, फोरमन. ताऱ्यांमध्ये सातत्य असते, कारण ते वर्षभराच्या कामावर मिळतात. पण ती कार्यालयात बसून भरायची माहिती आहे. एकात माणूस आहे आणि काळ अपुरा, दुसऱ्यात काळ आहे आणि माणूस दूर. दोन्हींचा मेळ घालता आला तर कार्यालयीन खेळांच्या रचनेचा निम्मा प्रश्न सुटेल.

तो मेळ कसा घालता येईल हे पाहण्यासाठी पुन्हा बपेऱ्यासारख्या गावाकडे वळावे लागते, कारण लहान जागी हिशेब उघडा दिसतो. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात दहा एलईडी नळ्या आहेत असे समजू. प्रत्येकी २० वॅट, दिवसाचे आठ तास, म्हणजे रोजची सगळी मिळून १.६ युनिट वीज. आता नळयोजनेचा दहा अश्वशक्तीचा पंप घ्या. तो तासाभरात सुमारे साडेसात युनिट खातो. टाकी भरून वाहू लागली तरी पंप तासभर चालू राहिला, किंवा गळक्या वाहिनीमुळे टाकी भरायला तासभर अधिक लागला, तर कार्यालयाने जवळजवळ पाच दिवस अंधारात बसून वाचवलेली वीज एका तासात गेली. गावातले शंभर पथदिवे सूर्य उगवल्यावर दोन तास जळत राहिले तर आणखी चार युनिट. ग्रामपंचायत आणि महावितरण यांच्यात पथदिव्यांच्या आणि पाणीपुरवठ्याच्या थकबाकीवरून जे वाद वर्षानुवर्षे चालत आले आहेत, त्यांच्या मुळाशी हेच तास आहेत.

म्हणजे या कार्यालयातला सर्वांत महत्त्वाचा ‘खेळाडू’ खुर्चीवर बसणाऱ्यांपैकी कोणीही नाही. तो आहे पंपाचे बटण दाबणारा आणि झडप फिरवणारा पाणीपुरवठा कर्मचारी. आणि त्याच्या खेळाचा पंचही तयार आहे: वीजमीटर. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. मे महिन्याची तुलना जानेवारीशी करणे अन्यायाचे होईल, कारण भंडाऱ्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. शेजारच्या गावाशी तुलना केली तर विहिरीची खोली आणि टाकीची उंची आड येते. पण या मेची तुलना मागच्या मेशी करायला काही हरकत नाही. स्वतःशीच लावलेल्या या शर्यतीत कोणी कायमचा शेवटचा राहत नाही, सरासरीच्या मागे दडता येत नाही, आणि छायाचित्र पाठवण्याची गरज पडत नाही. गुण एवढ्याचसाठी: तेवढेच पाणी देऊन युनिट किती कमी लागले. ‘तेवढेच पाणी देऊन’ ही अट मात्र काटेकोर पाळावी लागेल. नाही तर गावाला तहानलेले ठेवून मीटर जिंकता येतो.

शहरातल्या कार्यालयांनाही हाच न्याय लागू होतो. विजेचा मोठा वाटा कशात जातो हे आधी पाहिले तर बहुतेक ठिकाणी उत्तर वातानुकूलन हेच येईल, आणि त्याचे नियंत्रण ज्या दोन-चार जणांच्या हाती आहे त्यांची नावे तक्त्यावर क्वचितच असतात. कागदी पेल्यांऐवजी स्टीलचे पेले ठेवले की ते धुण्याचे काम वाढते. ते कोण करते? कचऱ्याचे वर्गीकरण केल्याबद्दल विभागाला बिल्ला मिळतो. सायंकाळी मिसळलेला ओला-सुका कचरा हाताने वेगळा करणारी सफाई कामगार बहुधा कंत्राटी असते आणि कर्मचाऱ्यांच्या यादीत नसल्याने खेळातही नसते. हरित गुणांच्या योजनांवरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे. ज्यांचा वापर मुळात कमी आहे त्यांना आणखी काटकसरीचे धडे आणि ज्यांचा निर्णय मोठा आहे त्यांना प्रमुख पाहुण्यांची खुर्ची.

आता राहिला बक्षिसाचा मुद्दा. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये बालवाडीतल्या, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांवर केलेला प्रयोग शिक्षणक्षेत्रात प्रसिद्ध आहे. चित्र काढल्यास प्रमाणपत्र मिळेल असे ज्या मुलांना आधी सांगितले गेले, ती मुले पुढे प्रमाणपत्राविना चित्रे काढण्यात इतरांच्या मानाने निम्माच वेळ घालवू लागली. आवडीने होणाऱ्या कामाला बक्षीस चिकटवले की आवड मागे पडते. म्हणून जो कर्मचारी आधीपासून सायकलने येतो त्याला गुण देण्याची घाई करू नये. त्याच्यासाठी सायकल ठेवायला सावलीची जागा आणि तोंड धुवायला पाणी दिले तर ते अधिक उपयोगी पडते. याउलट पंपावरच्या कर्मचाऱ्याचे काम आवडीचे नाही, जबाबदारीचे आहे. तुटपुंज्या मानधनावर, वीज येईल त्या वेळी, प्रसंगी मध्यरात्री उठून तो ते करतो. त्याला दिलेल्या बक्षिसाने कोणतीही आवड मरणार नाही.

पण नेमके त्याच्यापर्यंतच बक्षीस पोहोचण्याची सोय नाही. अभियानात मिळालेली रक्कम ग्रामपंचायतीची, आणि ती पुन्हा पर्यावरणाच्याच कामांवर खर्च करायची असते. या अटीमागचा हेतू योग्यच आहे. वीजबिलात झालेली बचत पाणीपुरवठ्याच्या किंवा सामान्य निधीत विरून जाते. त्यातला दहावा हिस्सा, किंवा बोनसचे एक पाकीट, किंवा निदान आठवड्याची एक हक्काची सुटी आणि त्या दिवशी पंप पाहणारा बदली माणूस, यांपैकी काही देता येईल का, याचा निर्णय मासिक सभेत आणि ग्रामसभेत होऊ शकतो. त्यासाठी सभेपुढे मागच्या मेचे आणि या मेचे अशी दोन बिले शेजारी शेजारी ठेवावी लागतील, आणि ती बिले वाचून दाखवण्याचे काम पंपावरच्या त्या माणसाकडेच द्यावे लागेल.